ऑर्विल टेस्के यांचं नववं मत

ऑर्विल टेस्के यांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीचं काम मी सतरा वर्षं पाहिलं. कॅन्ससच्या गव्हाच्या पट्ट्यातून ते अमेरिकेच्या प्रतिनिधी सभागृहात निवडून येत. राजकारणात येण्याआधी आमच्या गावात त्यांचं धान्याचं कोठार होतं आणि गहू घेऊन भाव लिहून दिलेल्या त्यांच्या चिठ्ठीवर लोकांचा नोटेपेक्षा जास्त भरवसा. वॉशिंग्टनला आल्यावरही दुपारी टेबलावर कागद पसरून घरून आणलेलं सँडविच खायचे आणि कागदाची घडी करून उद्यासाठी ठेवायचे.

सरकारने किती कर्ज काढायचं याचा आकडा आमच्याकडे कायद्याने ठरलेला असतो. तो गाठला की सभागृहाने वाढवायचा, नाहीतर पेन्शनीपासून सैनिकांच्या पगारापर्यंत सगळं अडकणार. हा आकडा वाढवायला ऑर्विल यांनी आठ वेळा विरोध केला होता. आठही वेळा लाल बटण. मतदारसंघात लोक त्याचं कौतुक करत, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी जूनमध्ये पुन्हा तोच प्रश्न आला आणि आमचा रिपब्लिकन पक्ष मधोमध उभा फुटला. कर्ज वाईट यावर सगळ्यांचं एकमत, भांडण पुढचं. निम्मे म्हणत, आता नाही थांबलो तर कधीच थांबणार नाही. निम्मे म्हणत, देणी बुडवणं हा काय थांबण्याचा मार्ग झाला?

शेजारच्या मतदारसंघातल्या मार्ला स्ट्रोबेल पहिल्या गटात होत्या. वय एकेचाळीस, पूर्वी बँका तपासायच्या. त्यांची पहिली निवडणूक ऑर्विल यांनी स्वतः गाडी चालवत गावोगाव हिंडून लढवली होती. मतदानाच्या दोन दिवस आधी सकाळी त्या आमच्या कचेरीत आल्या आणि कोट न काढताच बोलायला लागल्या.

"ऑर्विल, तुम्ही 'हो' म्हणणार असं ऐकलं. खोटं आहे म्हणा."

"बस आधी. कॉफी घेणार?"

"कॉफी राहू दे हो! मी तीन बँका बुडताना पाहिल्यात. तिन्ही एकाच रोगाने गेल्या. यंदा मुदत वाढवा, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष कधी उजाडतच नाही. आपणही तेच करतोय."

"तुझं चुकतंय असं कुठे म्हणतोय मी?"

"मग?"

ऑर्विल यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एका हंगामात गव्हाचा भाव निम्म्यावर आला. माझ्या चिठ्ठ्या आधीच लोकांच्या खिशात होत्या, जुन्या भावाच्या. बायकोचा पियानो विकला, ट्रक विकला, पण पैसे न देता एकही चिठ्ठी परत केली नाही. हा खर्च सभागृहाने मंजूर केलाय, मार्ला. त्या खर्चाशी मी भांडलो आणि हरलो. पण चिठ्ठी आता लोकांच्या खिशात आहे."

"आणि ती आठ वेळची 'नाही'? तेव्हा नव्हत्या चिठ्ठ्या?"

ऑर्विल यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, चिडणार.

"होत्या," ते म्हणाले. "पण आठही वेळा मला ठाऊक होतं की माझ्यावाचून ते पास होणार. माझी 'नाही' फुकटातली होती, पोरी. या वेळी दोन मतं कमी पडतायत. आता माझ्या बटणाने खरंच काहीतरी होणार आहे, तर आता खरं ते दाबलं पाहिजे."

"मी लाल दाबणार."

"दाबच. तुला खरं वाटतं ते दाब. तुझ्यासारख्या दहा जणी असत्या तर हा खर्च मुळात मंजूरच झाला नसता."

मार्ला यांनी मग कॉफी घेतली. अर्धा तास आकड्यांवरून दोघांची जुंपली होती, आवाज बाहेर बोळात जात होता, आणि निघताना त्यांनी म्हाताऱ्याच्या कॉलरची दुमडलेली कड नीट केली.

दुपारी पक्षाच्या प्रतोदांचा, म्हणजे 'हो'ची मतं गोळा करणाऱ्यांचा, माणूस आला. हॅवलिन त्याचं नाव. आमच्या गावाजवळच्या नदीवरचा पूल दोन वर्षांपासून जड गाड्यांना बंद होता. माझा भाऊ ग्लेन धान्याचा ट्रक एकतीस मैलांचा वळसा घालून नेत असे. हॅवलिन हसत म्हणाला, "साहेब, तुमचं 'हो' आलं की पुलाचे पैसे आले. आज संध्याकाळपर्यंत पत्र देतो."

"माझं 'हो' तुम्हाला मिळणारच आहे," ऑर्विल म्हणाले. "पूल नको."

"दोन्ही मिळत असताना?"

"पूल घेतला तर ते मत राहत नाही, विक्री होते. पूल मला हवाय, पण रांगेत उभा राहून, इतरांसारखा. पुढच्या वर्षी मागेन."

हॅवलिन गेल्यावर मी दार लावलं आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. "ग्लेनला काय सांगू मी? तुमची तत्त्वं सांभाळायला त्याने आणखी एकतीस मैल जायचं का?"

"सांग, की ऑर्विल टेस्के मूर्ख आहे," ते शांतपणे म्हणाले. "बहुतेक तो मान्य करेल."

माझा राग काही उतरेना. मी मार्ला यांना फोन केला, निदान त्या तरी यांना समजावतील म्हणून. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "नॅडीन, त्यांनी तो पूल घेतला असता ना, तर मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नसते."

मतदानाला फलकावर ऑर्विल यांच्या नावापुढे हिरवा दिवा लागला, मार्ला यांच्या नावापुढे लाल. ठराव दोन मतांनी पास झाला. आमच्याच बाजूच्या काही जणांनी ऑर्विल यांच्याकडे पाठ फिरवली. मार्ला आपल्या जागेवरून उठल्या, सगळ्यांच्या देखत चालत आल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

ऑगस्टमध्ये पक्षाची उमेदवारी ठरवणारी निवडणूक होती. ट्रेंट लॉबडेल नावाचा मोटारींचा विक्रेता ऑर्विल यांच्याविरुद्ध उभा राहिला. जुलैतल्या एका शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये पॅनकेकची न्याहारी होती; ऑर्विल, ग्लेन आणि मीही तिथे होतो. लॉबडेलने मार्ला यांना मुद्दाम बोलावलं होतं. लाल बटणवाली बाई आपल्याच बाजूने बोलणार, असा त्याचा हिशेब.

लॉबडेल म्हणाला, "आठ वेळा 'नाही' आणि नवव्यांदा 'हो'! आमच्या म्हाताऱ्याला कितीला घेतलं, हे विचारायचा हक्क आहे की नाही आपल्याला?"

टाळ्या पडल्या. मग मार्ला उठल्या.

"ऑर्विल टेस्के या मतात चुकले," त्या म्हणाल्या. "हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, उद्याही सांगेन. पण कितीला घेतलं विचारताय ना? तुमचा पूल देऊ केला होता. त्यांनी तो परत पाठवला आणि मत फुकट दिलं. कारण त्यांना ते बरोबर वाटत होतं. एवढंच."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पूल परत पाठवला? डोकं फिरलंय का याचं?" आणि अर्धा हॉल आधीपेक्षा जास्त भडकला. ऑर्विल सरबताचा पेला हातात धरून वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी सांगितलं असेल हे त्यांना कळलं होतं. मी मान खाली घातली.

ग्लेन उभा राहिला. माझा भाऊ चारचौघांत सहसा तोंड उघडत नाही. "त्या पुलापायी माझं किती डिझेल जळतं ते मला विचारा," तो म्हणाला. "मला हा माणूस मूर्ख वाटतो. पण इथे बसलेल्यांपैकी माझा गहू तोलायचा काटा मी त्याच्याच हातात देईन." एवढं बोलून तो परत पॅनकेक खायला बसला.

ऑर्विल दोनशे बारा मतांनी हरले.

कचेरी आवरताना मी त्यांना विचारलं, वाईट वाटतं का. ते म्हणाले, "वाटतं ना. मला हे काम फार आवडायचं." मग खोक्यात पुस्तकं भरत राहिले. त्यांनी मला पुलाचं गुपित फोडल्याबद्दल शब्दानेही बोलून दाखवलं नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

मी आता मार्ला यांच्या कचेरीत काम करते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक विधेयक मांडलं: खर्च मंजूर करतानाच त्यासाठीच्या कर्जालाही मंजुरी द्यायची, म्हणजे नंतर कुणाला फुकटात 'नाही' म्हणता येणार नाही. मसुद्याची अकरा पानं दोघांनी मिळून लिहिली, ऑर्विल कॅन्ससहून फोनवर. विधेयकाला एकसष्ट मतं मिळाली, ते पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल यांचा फोन आला. चौथ्या पानावरचं कलम मार्ला यांनी ढिलं ठेवलं म्हणून ते करवादत होते, आणि त्या इकडून तितक्याच जोरात त्यांना खोडून काढत होत्या.