डावी बाजू

उसाचं पातं लागून माझा डावा डोळा गेला, त्याला बावीस वर्षं झाली. तवापासनं फोटो काढायचा म्हटलं की मी उजवा गाल पुढं करती. पोराच्या, ऋषिराजच्या लग्नाचा अख्खा आल्बम बघा, मी, जयवंताबाई, सगळीकडं तिरकी. लोक म्हणायचे, सासू रुसलीय. म्हणू देत.

सून श्रेया दर रविवारी कळंबहून बारामतीला चित्रं शिकायला जाती. तिच्या सरांनी एक परदेशी चित्र दिलं, बघून तसंच काढायला. बाईच्या तोंडाचे चौकोन-त्रिकोण केलेले, नाक एकीकडं, डोळे भलतीकडं. मी म्हटलं, "अगं, ही काय ट्रॅक्टरखाली आली का काय?"

"क्युबिझम म्हणत्यात आई. सगळ्या बाजू एकदम दाखवायच्या."

ती कागदावर चिकटपट्ट्या लावायची, मधी रंग भरायची, एका कडेला गडद, दुसरीकडं पुसट. वाळल्यावर पट्टी ओढली की कोयत्यानं तोडल्यागत सरळ धार. मला ते बघायला आवडायचं, पण बोलली न्हाय. सुनेला लगेच चढवू नये.

मग सर म्हणाले, आता ह्याच पद्धतीनं घरातलं माणूस काढा. ती माझ्याच मागं लागली. मी बजावलं, "उजवीकडनंच काढायचं. डावी बाजू काढलीस तर बघ!" चार दुपारी तिच्यापुढं तिरकी बसली.

चित्र झालं. बघती तर एकाच गालावर दोन डोळे! माझं डोकंच फिरलं. "माझी चेष्टा करतीस व्हय गं भवाने?"

"न्हाय आई. तुमी उजवीकडनंच बसला. मागं राहिलेला डोळा मी पुढं आणला."

फाडायला कागद धरला आणि थांबली. डाव्या डोळ्याखाली तीळ होता. माझा तो तीळ डोळ्याच्या ऑपरेशनमधी गेला. श्रेया ह्या घरात येऊन तीनच वर्षं झाली, आणि दोन डोळ्यांचे जुने फोटो मी कवाच चुलीत घातले.

"तीळ कुणी सांगितला?"

तिनं ओसरीकडं बघितलं. तिथं आमचे हे, हिंदुराव, पेपर वाचत बसले होते. बावीस वर्षांत त्या डोळ्याबद्दल एक अक्षर काढलं न्हवतं ह्या माणसानं. मला वाटायचं, विसरले असतील, न्हायतर किळस येत असंल.

पेपर न हलवता म्हणाले, "तीळ जरा खाली पायजे. दोनदा सांगितलं तिला."

रडायला मला एकच डोळा हाय. पण पुरला.