खाली सही करणारी

मी, खाली सही करणारी,

इथवर वाचून उन्नतीने कागद टीपॉयवर ठेवला.

"वाचतेस काय? परीक्षा हाय काय?" तिचा भाऊ हरेश म्हणाला. "सही करायला बोलावलंय तुला. बोलायला नाय."

"बरं आहे की. न वाचता सही करायला मी काय बिनशिकलेली?"

"शिकवली तीच चूक जाली," आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

सरस्वतीबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं होऊन वर्ष झालं होतं, तरी जिना उतरायला त्यांना पंधरा मिनिटं लागत. तेही कोणी काखेत हात घातला तर. त्यांच्या पलंगाच्या बरोबर वर स्लॅब, आणि स्लॅबवर गच्ची. गच्चीवरून खाली यायला एकच जिना, तो आईच्या दारासमोरून जातो. हे उन्नतीच्या डोक्यात सकाळपासून घोळत होतं. बाकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

हिरामण निवास. खारघर गावात, पाच मजली. बापाने, हिरामणने, शेत सरकारकडे गेल्यावर बांधलेली. खालच्या चार मजल्यांवर कॉलेजची पोरं भाड्याने, पाचव्यावर हरेश, त्याचं कुटुंब आणि आई. हिरामण जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता हरेशला गच्चीवर हळदीचा हॉल काढायचा होता. गावात लग्न एक दिवसाचं आणि हळद जन्माची. मंडप, डीजे, मटण, पहाटेपर्यंत नाच. नवरदेव आला की दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी. पायाखाली सिमेंट कसं चालेल? लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची फळी हवी. पाणी लागलं तरी फुगत नाही, वाळवी लागत नाही, आणि आग लागत नाही.

असं रणजीत सांगत होता.

येथे नमूद करते की, सदर गच्चीच्या वापरास माझी कोणतीही हरकत नाही.

हरकत होती. हॉलच्या परवान्याला सगळ्या वारसांची संमती लागते, आणि उन्नती वारस होती, कारण तिने हक्कसोडावर सही केली नव्हती. गावातल्या बहिणी करतात. भाऊ साडी नेसवतो, बहीण डोळे पुसत अंगठा नाही तर सही देते, आणि माहेर शाबूत राहतं. उन्नतीने साडी परत पाठवली होती. तो हक्कसोडाचा कागद दोन वर्षं फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता, दुधाच्या हिशेबाच्या वर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

रणजीत हा फळीवाला. मूळ साताऱ्याकडचा, कळंबोलीत दुकान. हसरा माणूस. त्याने पिशवीतून हातभर लांब तुकडा काढला, तपकिरी, वर लाकडाच्या रेघा. खिशातून लायटर काढला.

"बघा ताई. तुमच्या डोळ्यादेखत."

त्याने तुकड्याच्या पाठीवर ज्योत धरली. एक, दोन, तीन करत दहापर्यंत मोजलं. लायटर बाजूला घेतला. फळीवर रुपयाएवढा काळा डाग. अंगठ्याने पुसला तर अर्धा गेला.

"हाय का कुठं आग?"

"जालं?" हरेश म्हणाला. "आता कर सही."

उन्नती पावणे गावातल्या एका कारखान्यात प्लॅस्टिकचा माल तपासते. वाकवणं, तोडणं, उकळणं, जाळणं. अठरा वर्षं हेच करून पोट भरलं होतं. तिने तुकडा हातात घेतला, पाठ पाहिली नाही, टोक पाहिलं. टोकाला चार गोल भोकं होती, आरपार. एका भोकाला डोळा लावला तर पलीकडे हरेशचा शर्ट दिसला.

"सर्टिफिकेट?"

रणजीतने फोनवर दाखवलं. तिने बोटांनी मोठं केलं.

"हे भरीव फळीचं आहे. जाडी बघा, छेद बघा. आणि ही पोकळ."

"मटेरियल एकच की ताई. पोकळ हलकी असती. स्लॅबवर वजन येत न्हाई."

"मटेरियल एकच. सुकं गवत आणि गवताची गंजी, मटेरियल एकच."

"दादा, ताई लई हुशार हायत," रणजीत हसत हरेशला म्हणाला. हसू ओठांपर्यंतच होतं.

"हुशार नाय, वाकडी हाय," हरेश म्हणाला. "हिला फली नकोय असा नाय. हिला मी नकोय. गच्ची चालली तर हिच्या पोटात दुखतंय."

"आई वर झोपते दादा. म्हणजे खाली. फळीच्या खाली."

"आई माज्याकडं ऱ्हाते. तू न्हेतेस काय खांदेश्वरला? लिफ्ट हाय ना तुज्या सोसायटीत? ने."

तिने दोनदा विचारलं होतं. आई दोन्ही वेळा म्हणाली होती, लेकीच्या दारात मरायला मी काय निपुत्रिक? हे हरेशला ठाऊक होतं. म्हणूनच तो ते बोलला.

ही संमती मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता

ती उठली. देव्हाऱ्यातली कापराची डबी घेतली, स्वयंपाकघरातून जुनं ताट घेतलं, आणि कठड्यापाशी रचून ठेवलेल्या विटांतल्या दोन उचलून गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी मांडल्या. एक आडवी, एक उभी.

"काय चाललंय?" हरेश मागोमाग आला. त्याच्या मागे रणजीत.

"गच्चीला पाणी जायला उतार आहे ना? फळी उतारावरच बसणार. म्हणून एक वीट आडवी, एक उभी. हळदीत फळ्यांच्या फटीतून खाली काय पडतं? कागदी फुलं, टिश्यू. वरून कारंज्याची ठिणगी." तिने फळीचा तुकडा दोन विटांवर तिरका ठेवला, ताटात दोन टिश्यू चुरगाळले, त्यावर कापराच्या चार वड्या, आणि ताट फळीच्या खालच्या टोकाशी सरकवलं. "लायटर द्या."

"अशी टेस्ट नसती ताई."

"आग अशी असते."

रणजीतने लायटर दिला नाही. तिने देव्हाऱ्यातली काडेपेटी आणली होती.

दहा.
काही नाही. कापराचा वास. हरेशने जांभई दिली, मुद्दाम, आवाज काढून.

वीस.
खालची बाजू काळी. रणजीत म्हणाला, "बघा, काय झालं?"

चाळीस.
ज्योत दिसेनाशी झाली. विझली, असं वाटलं. विझली नव्हती. भोकांत शिरली होती.

पन्नास.
वरच्या टोकाच्या चारही भोकांतून धूर, मग आवाज. हूं, असा एकसारखा, भरलेल्या तोंडाने कोणी फुंकावं तसा.

साठ.
वरच्या टोकाला चार जिभा. खाली थेंब गळत होता, पेटलेला, आणि पडूनही विझत नव्हता. दुसरा थेंब पायरीवर पडला. तिसरा त्याच्या खालच्या.

"फुंकनी हाय ती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरस्वतीबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. पलंगापासून दारापर्यंत आपल्या पायांनी आल्या होत्या. त्यांची नजर भोकांवर होती. चाळीस वर्षं त्यांनी चुलीपुढे बसून नळी फुंकली होती, आणि पाच-सहा वर्षांच्या उन्नतीच्या पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं, लाकडाच्या डोक्यावर काडी काय ठेवतेस गो, आग खालशी लावायची, वर ती आपली आपुन चढते.

धूर काळा झाला, घशाला लागला. आईला ठसका बसला. हरेशने बादली उपडी केली. पायरीवर काळं पाणी पसरलं.

"समाधान जाला?" तो ओरडला. "बापाच्या घरान आग लावतेस? भाडेकरूंनी बघितला तर काय सांगू, बहीन येडी हाय म्हनून?"

"आई, तू बघितलंस," उन्नती म्हणाली.

आईने पाहिलं होतं. आईने मुलाकडे पाहिलं. मग वळून, भिंतीला हात लावत, पलंगाकडे निघून गेली.

वाचून, समजून, पूर्ण शुद्धीत

हरेशने फ्रिजवरचा कागद काढला. चुंबक खाली पडला, कोणी उचलला नाही.

"चल. तुला भरीव पायजे? भरीव लावतो. ह्याच्यावर सही कर. घर माजा, गच्ची माजी, फली तुजी." तो रणजीतकडे पाहून हसला. "बोल. आईसाठी मरतेस ना? मंग बापाचा हिस्सा काय करायचाय?"

खोलीत आई ऐकत होती. पलंग करकरला नाही, म्हणजे हललीसुद्धा नव्हती. उन्नतीने वाट पाहिली. तिला हिस्सा हवा होता असं नाही. तो कागद लटकत होता तोवर ह्या घरात तिचं नाव तरी कोणीतरी रोज वाचत होतं, शिवी देत का होईना.

"करते," ती म्हणाली. "आधी माल उतरू दे. दारात. मी बघेन, मग सही."

"भरवसा नाय सख्ख्या भावावर?"

"मी माल तपासते, दादा. भरवसा तपासत नाही."

सही

बारा दिवसांनी, रविवारी सकाळी अकराला टेम्पो आला. दारात सहा गठ्ठे, एकावर एक, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले. हरेशने खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर हक्कसोड, पेन, आणि एक साडी, पिशवीतून काठ दिसेल अशी ठेवलेली. त्याची बायको नमिता पेढे घेऊन उभी. दुसऱ्या खुर्चीत आई. खाली उतरवून आणली होती. लेकीची सही बघायला आणली होती.

उन्नतीने वरचा गठ्ठा पाहिला. टोकं भरीव, एकसुद्धा भोक नाही. नखाने टोचलं. वजन घेतलं. उत्तम माल.

"मिटला?" हरेशने पेनचं टोपण काढून तिच्यापुढे धरलं.

तिने पेन घेतलं आणि दुसरा गठ्ठा पाहिला. भरीव. तिसरा, भरीव. चौथ्यापासून टोकांवर कागदी पट्टी चिकटवलेली होती. कोपरे खराब होऊ नयेत म्हणून, रणजीत म्हणाला, न विचारता.

तिने पेनाचं टोक पट्टीत खुपसलं. पेन आत गेलं. बोटांपर्यंत.

वरून भाड्याच्या खोलीतल्या कोणाचं तरी गाणं ऐकू येत होतं.

"खालचे तीन मागच्या बाजूला लागायचे हायेत," हरेश म्हणाला. "तिथं कोन नाचतंय? सगली गच्ची भरीव करायला मी काय मंत्री हाय?"

"मागच्या बाजूला जिना आहे."

"दर टायमाला तुजा जिना!"

"आईचा आहे."

"ताई, व्यवहारात थोडं खालवर चालायचंच," रणजीत म्हणाला.

"खालचंच चालतं तुमचं."

नमिताने पेढ्याच्या बॉक्सवर झाकण घातलं. हरेश उन्नतीच्या अगदी जवळ आला. लहानपणी मारायला यायचा तेव्हा असाच यायचा, हात मागे घेऊन. "सही करतेस का नाय?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सरस्वतीबाई उठत होत्या. नमिता धरायला धावली, तिचा हात त्यांनी झटकला. खालच्या गठ्ठ्याशी वाकायला त्यांना वेळ लागला. सगळे ताटकळले. फाटलेल्या पट्टीत, पेनाशेजारी, त्यांनी तर्जनी घातली, चुलीच्या राखेने कायमचं काळवंडलेलं तिचं नख भोकात दिसेनासं झालं. फिरवली. काढली.

"माज्या डोक्यावर फुंकनी मांडतोस र?"

"आई, तू यात..."

"मी बघितला तवां बोलले नाय. तुजा तोंड ऱ्हावा म्हनून. तू परत ताच आनलास." त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि कमरेला खोचला. हरेशला तो मागता येईना.

उन्नती पुढे झाली. "आई, चल माझ्याबरोबर. आजच."

"तू नको बोलू." आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया शोधायची म्हटली असती तर दिवस गेला असता. "गावाच्या रस्त्यावं भावाची इज्जत काढलीस. पेन घालून दाखवलास सगल्यांना. हलू बोलता आला असता."

"हळू बोलले होते. बारा दिवसांपूर्वी."

"सही नको करू," आई म्हणाली. "कनालाच नको करू. ना या कागदावं, ना त्या. आनि आता येऊ पन नको."

मग ती जिन्याकडे वळली. हरेशने काखेत हात घातला, तो तिने घालू दिला. पहिली पायरी. थांबली. दुसरी.

उन्नती पंधरा मिनिटं उभी राहिली, वर दार लागल्याचा आवाज येईपर्यंत. पेन अजून फळीतच होतं. तिने ते काढून घेतलं नाही.