खाऱ्या वाऱ्यातली पहाटफेरी

मित्रांनो, मी लेडीज सायकल आहे, वयाने तुमच्यातल्या बहुतेकांच्या आईएवढी. समुद्रकाठच्या एका छोट्या शहरात मला एका परिचारिकेने दवाखान्यात ये-जा करायला घेतले. ती निवृत्त झाली, तेव्हा मला वाटले, संपले आपले दिवस!

पण त्याच वर्षी तिच्या सुनेचे बाळ जन्मताच दगावले. सून शाळेत चित्रकला शिकवायची. ती शाळेत जाईना, खिडकीही उघडेना. एका पहाटे सासूबाईंनी तिच्यापुढे कापडी बूट ठेवले.

"ऊठ, समुद्रावर जाऊन येऊ."

"आई, माझ्याने चालवत नाही."

"मग पळ! मी सायकलवर आहेच मागे."

सून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पळाली आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडली. सासूबाईंनी मला भिंतीला टेकवले आणि तिच्या शेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट पुढे!

मग आम्ही थांबलोच नाही. पावसात माझे ब्रेक लागत नसत, तेव्हा सासूबाई पाय घासत मला थांबवायच्या. धुक्यात त्या घंटी वाजवायच्या, म्हणजे पुढे पळणाऱ्या सुनेला आम्ही मागे आहोत हे कळायचे. उन्हाळ्यात तिघींनाही धाप लागायची. माझी धाप म्हणजे चेनची करकर, एवढेच.

फिरायला येणारे एक वकील एकदा म्हणाले, "काय हो, सुनेला पळवून लावलंत वाटतं?"

"रोज पळवते," सासूबाई म्हणाल्या, "आणि रोज परतही आणते!"

सून खळखळून हसली. त्या घरातले ते हसू मी कितीतरी महिन्यांनी ऐकले. पुढच्याच आठवड्यात ती शाळेत रुजू झाली.

घरी आल्यावर सासूबाई मला फडक्याने पुसायच्या. म्हणायच्या, "समुद्र लोखंड खातो गं."

बरीच वर्षे अशी गेली. मग सासूबाई आजारी पडल्या आणि गेल्या. सुनेला माझ्याकडे बघवेना. मी गॅलरीत उभी राहिले. खारा वारा रोज थोडे थोडे मला खात होता. जिने माणसाला उठवले, तीच मी उभ्या उभ्या गंजत होते.

एके दिवशी सून मला ढकलत मिस्त्रीकडे घेऊन गेली.

"बाई, चेन गेली, रिम सडली. भंगारात द्या."

"दोन्ही बदला."

मिस्त्रीने आठवडाभर खपून मला उभे केले. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल अशी उभी असेल. तिला पुसा, तेल द्या आणि मुख्य म्हणजे बाहेर काढा. वापरून झिजण्याचे आम्हाला दुःख नसते.

शेवटी मिस्त्रीने पाना उचलला. "तुम्ही उंच आहात. सीट वर करून देतो."

"नको," ती म्हणाली. "आईंच्या मापाचीच राहू दे."

आता ती मला चालवते, तेव्हा तिचे गुडघे हँडलला आपटतात.