खुर्चीचं तेज

काटा थरथरला, हळूहळू उजवीकडे सरकला आणि अख्खा हॉल "अहाहा!" करत पुढे झुकला. पांढरी शाल पांघरून खुर्चीत बसलेले निवृत्त हेडक्लार्क स्वतःच्या छातीकडे असे बघत होते, जणू तिथे कुणीतरी नुकताच बल्ब लावून दिलाय. बायका डोळे पुसत होत्या. एक गृहस्थ तर बूट घालूनच बाकावर चढले होते आणि मोबाइलवर सगळं टिपत होते.

"ह्यात सेल आहे का?" तेजगुरूंनी हातातली डबी उंच धरली.

"नाही!" हॉल ओरडला.

"वायर आहे का?"

"नाही!"

"मग काटा कुणाच्या जोरावर हलतो?"

"आमच्या तेजाच्या!"

पहिलीची मुलंसुद्धा इतक्या एका सुरात उत्तर देत नाहीत. 

ती डबी तळहाताएवढी होती. तिच्यावर पितळी नक्षीचं आवरण चढवलेलं, समोर काचेचा गोल डोळा, वर काट्याची छोटी खिडकी. भक्त तिला तेजमापी म्हणायचे. मी तिला आवरणाआडूनही ओळखलं, कारण तसलंच एक यंत्र त्या क्षणी माझ्या पिशवीत होतं, फडक्यात गुंडाळलेलं.

मी फोटोग्राफी शिकवते. फोटो काढण्याआधी उजेड किती आहे हे मोजायला हातात धरायचा लाइट मीटर लागतो, आणि आमच्या वर्गातला विद्यार्थ्यांनी पाडून पाडून निकालात काढला होता. म्हणून सकाळीच मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं दोन मीटर काचेवर मांडले.

"हा नवा घ्या मॅडम. सेलवर चालतो, सरळ आकडा दाखवतो. कटकट नाही."

"आणि हा?"

"हा म्हातारा आहे. ह्याला सेल लागत नाही. उजेड पडला की आतल्या पट्टीतच जराशी वीज तयार होते आणि तिच्यावर काटा हलतो. अंधारात मात्र ठार आंधळा."

मी म्हातारा उचलला. खिडकीकडे धरला, काळ्या पिशवीकडे धरला, मग दुकानदाराच्या टकलाकडे धरला. काटा चांगलाच उडाला आणि आम्ही दोघंही हसलो. नवा सोयीचा होता, तरी मी म्हातारा घेतला. आकडा दिसला की मुलं तो लिहून घेतात आणि मोकळी होतात. काटा हलताना दिसला की विचारतात, का हलला?

दुकानातून बाहेर पडते तोच ताईचा फोन आला. "आज माझी पांढरी शाल आहे. तू ये ना गं. तू असलीस की मला बरं वाटेल."

ताई माझी सख्खी मोठी बहीण. तिच्या फुप्फुसाला क्षय झाला होता आणि गोळ्यांचा कोर्स जेमतेम अर्ध्यावर आला होता. खोकला थांबला होता, ताप गेला होता, गालावर मांस दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं की धोका इथेच आहे, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलंत तर आजार उलटेल आणि मग ह्या गोळ्यांनाही जुमानणार नाही. नेमकं तेव्हाच तेजगुरू ताईच्या गल्लीत अवतरले.

आता हॉलमध्ये त्यांच्या पायाशी एक मोठी टोपली होती. पांढरी शाल मिळालेल्या माणसानं आपली औषधं तिच्यात सोडायची, असा तिथला शिरस्ता. मी पुढे जाऊन डोकावले. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं, इन्सुलिनची पेनं, हृदयाच्या गोळ्या, आणि सगळ्यात वर एका लहान मुलाचा दम्याचा पंप, त्यावर चिकटवलेला सशाचा स्टिकर. ती टोपली मी अजून विसरलेले नाही. चोर घर धुऊन नेतो तेव्हा निदान औषधाची बाटली तरी सोडून जातो.

"डॉक्टर काय करतात? कंदिलाची काच पुसत बसतात," तेजगुरू सांगत होते. "मी वात बघतो, वात! गोळी म्हणजे काजळी. काजळी खाऊन कुणाचा दिवा उजळलाय?"

"काय बोलतात!" शेजारी उभे असलेले भाऊजी म्हणाले. माझे हे मेहुणे इंजिनियर आहेत, पूल बांधतात. "आणि नुसतं बोलणं नाही हां. यंत्र आहे. यंत्र कधी खोटं बोलतं का?"

"यंत्र खरंच बोलतंय, भाऊजी. तुम्ही त्याला विचारलंय काय, ते बघा."

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं, कारण ताईचं नाव पुकारलं होतं.

ताई खुर्चीत बसली. गुरूंच्या पाठीशी मोठी खिडकी होती आणि तिचा सगळा उजेड समोरच्या खुर्चीवर पडत होता. आधी त्यांच्या एका शिष्यानं ताईला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काळ्या शालीत गुंडाळलं. ही म्हणे आतली मलिनता शोषून घेते. गुरूंनी डबी तिच्या छातीसमोर धरली. काटा मरगळून डावीकडे पडून राहिला. हॉल हळहळला. मग गुरू डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, काळी शाल निघाली, पांढरीशुभ्र चढली. डबी पुन्हा त्याच जागी. काटा झपकन उजवीकडे गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पर्समधून गोळ्यांची पिशवी काढली आणि टोपलीवर धरली.

"ताई, थांब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "एक मिनिट उठतेस? शाल खुर्चीवरच राहू दे."

ती गोंधळून उठली. मी पांढरी शाल रिकाम्या खुर्चीवर नीट पसरली, पिशवीतून माझा मीटर काढला आणि तेवढ्याच अंतरावर धरला. काटा झपकन उजवीकडे गेला.

"अभिनंदन," मी म्हटलं. "खुर्ची बरी झाली. हिची औषधं आजपासून बंद."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरूंनी मात्र क्षणभरही घालवला नाही. "भक्त उठला तरी त्याचं तेज आसनात मुरून राहतं! बघितलंत? निर्जीव लाकूडसुद्धा उजळलं!"

आणि काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बरं. मग आसनातलं तेज आता काळ्या शालीखाली बघू." मी काळी शाल खुर्चीवर टाकली. काटा पडला. "मुरलेलं तेज पळालं कुठे? हे बघा, ह्या यंत्राला समोरून परत येणारा उजेड तेवढा कळतो. पांढरं कापड उजेड परत पाठवतं, काळं गिळून टाकतं. पांढऱ्या भिंतीलाही क्षय नाही, तिचाही काटा वर जातो."

"हिचं यंत्र वेगळं आहे," शिष्य गुरगुरला.

"मग तुमचं द्या."

गुरूंनी डबी छातीशी धरली. "अश्रद्ध हात लागले की ती मरते."

"माझा हात तर श्रद्धेचा आहे ना?" हे ताई म्हणाली. तिनं हात पुढे केला आणि साऱ्या हॉलसमोर त्यांना नाही म्हणता येईना. तिनं डबी घेतली, भिंतीकडे धरली. काटा वर. काळ्या शालीकडे धरली. काटा खाली. मग पांढऱ्या रेशमातल्या गुरूंकडे वळली.

"तुम्ही एकदा काळी शाल पांघरता, गुरुजी? माझ्यासाठी. तुमचं तेज तर लपायचं नाही."

"मला परीक्षा द्यायची गरज नाही," ते फटकन म्हणाले.

ताईचा चेहरा बदललेला मी तेव्हा पाहिला. पण तिचं मन अजून एका जागी अडकलं होतं. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पण मला बरं वाटतंय गं. ते तर खोटं नाही ना?"

"बस परत," मी म्हटलं. माझ्या मीटरला एक अर्धगोल पांढरी टोपी असते. ती डोळ्यावर सरकवली, की माणसाकडून परत येणारा उजेड सोडून तो माणसावर पडणारा उजेड मोजतो. मी टोपी सरकवली, मीटर ताईच्या हनुवटीखाली धरला, तोंड खिडकीकडे. "भाऊजी, काळी घाला." त्यांनी घातली. "काटा बघून ठेवा. आता पांढरी."

त्यांनी शाल बदलली आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हलला नाही," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"उजेड तोच, माणूस तोच, बदललं ते कापड. ताई, तुला बरं वाटतंय ते अगदी खरं आहे. तू इतके दिवस रोज सकाळी गोळ्या घेतल्यास, म्हणून बरं वाटतंय. हा माणूस त्या गोळ्यांचं श्रेय खातोय आणि वर गोळ्याच फेकायला लावतोय."

ताईनं पिशवी पर्समध्ये परत टाकली आणि चेन ओढली.

सगळं तिथेच सुधारलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण हेडक्लार्क पांढरी शाल घट्ट आवळून बसूनच राहिले. बाकावरच्या गृहस्थांनी मलाच दटावलं, "तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही." गुरूंनी ताईच्या हातून डबी हिसकावली, रेशमानं पुसली आणि जाहीर केलं की आज यंत्राला दृष्ट लागली आहे, पुढचा भक्त आणा. आणि पुढचा भक्त गेलासुद्धा! त्या हॉलमधल्या प्रत्येकानं लहानपणी उन्हात काळा कपडा तापताना अनुभवला असेल, पांढऱ्या भिंतीनं डोळे दिपताना बघितलं असेल. कळत सगळ्यांना होतं, विचारायची तसदी कुणाला नको होती. ठकाची मला किळस आली, पण ह्या आळसाची त्याहून जास्त आली.

एक बाई तेवढी पुढे आली. कुणाकडे न बघता तिनं टोपलीत हात घातला, सशाचा स्टिकर लावलेला पंप काढून घेतला आणि जवळजवळ धावतच जिना उतरली.

ताईचा कोर्स पुरा झाला. शेवटच्या तपासणीत फुप्फुस स्वच्छ निघालं. त्यानंतर मी तिला एकदा वर्गात खुर्चीत बसवलं, अंगावर काळी शाल टाकली, मग पांढरी, आणि म्हातारा मीटर मुलांसमोर धरला. काटा वर जाताच मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "का हलला, मॅडम?"

एवढंच विचारायचं असतं. हात जोडण्याआधी, टाळी वाजवण्याआधी आणि औषध टोपलीत टाकण्याआधी तर नक्कीच. उत्तर लगेच सापडलं नाही तरी चालेल, तोवर गोळी चालू ठेवा.

ताई खुर्चीतून म्हणाली, "त्या दिवशी हे मी का नाही गं विचारलं?" आणि तिनं पांढरी शाल खांद्यावरून काढून टाकली.