तीन पावलांवरचं दार

"गॅस इथं नको," चंपाबाई म्हणाल्या.

सर्जेराव ठेकेदाराचा हात भिंतीवरच थांबला. हातात कोळसा होता. गिलावा न झालेल्या विटांवर त्यानं ओट्याची रेघ ओढत दारापर्यंत आणली होती, आणि दाराला लागून चौकोन काढून त्यात गॅसची चार वाटोळी गिरवली होती.

"काकू, नकाशात इथंच हाय. वहिनींनीच फोटू दाखवला. दाराजवळ गॅस, वरती कपाटं, टोकाला सिंक. अन् मागची भिंत खालपासून वरपर्यंत कपाटाची."

"कपाट नको तिथं. मागच्या भिंतीत दार पाडा. गॅस मधोमध घ्या. अन् त्याच्यावर फळी नको, कपाट नको, कायबी नको."

"आत्या!" सुकेशनी, त्यांची सून, वाळूच्या ढिगाला वळसा घालून आत आली. "मागं दार करून जायचं कुठं? तीन फुटांची बोळ हाय तिथं."

"बोळीतून रस्त्यावर जाता येतं."

"अन् रस्त्यावर जायला पुढचं दार नाय का आपल्याला?"

या प्रश्नाचं उत्तर चंपाबाईंकडं होतं. सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात आया म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर ते असणारच. पण ते त्यांनी मुकुंदवाडीच्या या जागेत कधी आणलं नव्हतं. इथं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या तेव्हा कामावरून आल्या की आधी मागच्या मोरीत अंगावर पाणी घेत, साडी तिथंच पिळून टाकत, आणि मगच उंबरा ओलांडत. त्यांचा प्रणय लहानपणी विचारायचा, "आई, तू दवाखान्यात काय करतीस?"

"चादरी बदलते," त्या सांगायच्या. ते खोटं नव्हतं.

त्या चादरींवरच्या बायकांबद्दल मात्र त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. पोलीस जबाब घ्यायला आले की त्या बायका एकच सांगायच्या, स्टोव्ह भडकला. कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. चंपाबाईंनी कुणाला विचारलं नाही. पण पोलीस गेले, नातेवाईक चहाला गेले, आणि पाण्याचा चमचा ओठांशी नेला की त्या हळूच बोलू लागायच्या. कुणी काय केलं ते राहू द्यायच्या. बोलायच्या त्या आपल्या स्वयंपाकघराबद्दल.

"मावशी, दार तिकडं होतं, मी इकडं, अन् शेगडी मधी."

"मावशी, चहाचा डबा वरच्या फळीवर होता हो. हात वर केला अन् पदर खाली आला."

"मावशी, कडी लई उंच होती. पुरलाच नाय हात."

अशी शेकडो स्वयंपाकघरं चंपाबाईंना पाठ झाली होती. त्यांत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण डोळे बांधून सोडलं असतं तरी त्या त्यांतून चालल्या असत्या. आणि प्रत्येक वेळी दाराच्या अलीकडंच अडल्या असत्या.

आता विटांच्या या नव्या चौकोनात सुकेशनी उभी होती. नसलेल्या ओट्यासमोर उभं राहून ती नसलेल्या कपाटाची उंची हातानं दाखवत होती. तिच्या ओढणीचं टोक कोळशानं काढलेल्या चार वाटोळ्यांवर लोंबत होतं.

सर्जेरावनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. त्याचा बाप मेंढरं चारायचा, आणि हा मात्र शहरात येऊन गवंड्याचा ठेकेदार झाला होता. बायकांच्या भांडणात अडकलेलं काम कसं मार्गी लावायचं ते त्याला अनुभवानं कळलं होतं.

"वास्तूचं बघताय व्हय काकू? तसं असंल तर सांगा की. दारात अग्नी नको म्हणत्यात काही जण. अन् मागची बाजू आपली पूर्व येती. पूर्वेला दार शुभ."

चंपाबाईंनी सुनेकडं बघितलं. सुकेशनी एका खोलीत पाच जणांत वाढलेली पोर. माहेरी तिची पुस्तकं, कपडे, डबे, सगळं खाटेखाली. लग्न होऊन आली ती पत्र्याखाली. शेंद्र्याच्या कंपनीत उभ्यानं काम करून संध्याकाळी घरी येऊन फोनवर ती फक्त कपाटं बघायची. सगळं आत जाणारी, दारं लागणारी कपाटं. तिला खरं सांगायचं म्हणजे वॉर्डातल्या त्या सगळ्या जणींना आपल्या हातानं धरून नव्या घरात आणायचं आणि ओट्याभोवती उभं करायचं. मग ही पोर रोज सकाळी लायटर लावणार ती त्यांच्या देखत.

"व्हय," चंपाबाई म्हणाल्या. "वास्तूचंच."

सुकेशनीचा हात कपाटाच्या उंचीवरून खाली आला.

त्या रात्री, घर होईपर्यंत घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर, जेवताना प्रणयनं पहिला घास तसाच ताटात ठेवला.

"आई, वास्तू? तू?"

"का? मी म्हातारी नाय झाले?"

"अगं, हा प्लॉट कसा मिळाला आपल्याला? पुढं रुंद, मागं निमुळता. व्याघ्रमुखी म्हणून कुणी घेईना. तू अन् अण्णा हसत हसत घेऊन आलात. 'आमाला वाघ खात नाय' म्हणाली होतीस तू. मी शाळेत सांगत फिरायचो ते."

"तेव्हा म्हणाले असंन."

"अण्णा अमावास्येला गेले तेव्हा बायका कुजबुजत होत्या. त्यांना तू गल्लीच्या टोकापर्यंत हाकललंस. अन् आता पूर्वेला दार?"

प्रणयच्या अण्णांचा, साहेबरावांचा, फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, अजून टांगला नव्हता. त्याच्या वर, खिळ्यावर, बाबासाहेबांचा. चंपाबाईंनी तिकडं बघायचं टाळलं. त्यांच्या जन्माआधीच वडिलांनी धम्म घेतला होता आणि घरातले देव गोदावरीत सोडून दिले होते. 'आपल्या दारात फक्त अक्कल येईल,' असं ते म्हणायचे. तेच चंपाबाईंनी पुढं चालवलं. लोकांच्या चौकटीवरचे लिंबू उतरवले, लेकरांच्या गळ्यातले ताईत तोडले, शिव्याही खाल्ल्या.

"पाडायचं दार," त्या म्हणाल्या. "मला बाकी काय नको घरात. मोठी खोली तुमची, माडी तुमची."

सुकेशनी ताट उचलून उठली. "तुमी नाय म्हणाला असतात ना, तुमाला आवडलं नाय म्हणून, तर मी ऐकलं असतं आत्या," ती म्हणाली. "पण हे असलं..." आणि पुढचं नळाच्या पाण्यात गेलं.

दार पाडलं गेलं. सर्जेरावनं चौकट बसवली तेव्हा सुकेशनी बघायला आली नाही.

पुढं बाहेरच्या रंगाची वेळ आली. रंगाऱ्यानं रंगांचं जाड पुस्तक आणलं आणि समोरच्या भिंतीवर हातभर हातभर पट्टे मारून दाखवले. चंपाबाईंना त्यातली इंग्रजी नावं कळेनात. त्यांच्या लेखी ते साड्यांचे रंग होते. हा मोतिया, हा आमसुली, हा राखाडी.

"राखाडी," प्रणय म्हणाला. "सगळी नवी घरं राखाडीच हायेत. मळत नाय."

सुकेशनीनं बोट ठेवलं ते शेवटच्या पट्ट्यावर. दौलताबादच्या रस्त्यावर टोपलीत पेरू चिरून ठेवतात, त्यातल्या लाल पेरूच्या गरासारखा तो गुलाबी होता. ओला, कोवळा.

"हा?" प्रणय हसत सुटला. "अगं घर बांधलंय का बुढ्ढी के बाल? लेकरं चाटायला येतील भिंत!"

रंगारीही हसला. सुकेशनीनं बोट मागं घेतलं. दार एकीनं घेतलं होतं, रंग दुसरा घेत होता. तिच्या चेहऱ्यावर तेवढं सगळं लिहिलेलं होतं.

चंपाबाई मात्र त्या पट्ट्यापाशी खिळून उभ्या होत्या.

हा रंग त्यांना कुणी दाखवायची गरज नव्हती. ड्रेसिंग सोडताना सगळा वॉर्ड याच रंगाची वाट बघायचा. जखमेच्या काठाला हा गुलाबी दिसला की मोठे डॉक्टरसुद्धा मान हलवायचे. म्हणजे खालून नवी कातडी येतेय, म्हणजे ही बाई घरी जाणार. तो नाही दिसला, पांढुरकं किंवा राखेसारखं काही दिसलं, की सगळे लगबगीनं पुढच्या खाटेकडं वळायचे.

फर्दापूरकडची एक होती, अमृता. एकवीस वर्षांची. अकरा दिवस होती. नवं घर बांधलं होतं त्यांनी, दोन खोल्या. स्वयंपाकघराला एकच दार, आणि दाराशी गॅस.

"मावशी, आमच्या घराला कालच रंग दिलता," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "मी आतच होते सैपाकात. लांबून बघायचा राह्यला."

"बघशील की."

"लांबूनच कळतो ना रंग? जवळून काय कळत नाय."

मग रोज ड्रेसिंगच्या वेळी ती मान वळवायचा प्रयत्न करायची आणि विचारायची, "आलं का गुलाबी?"

"आलंय," चंपाबाई सांगायच्या. "या कडेला चांगलं दिसतंय."

अकरा दिवस त्यांनी तेच सांगितलं. कुठल्याच कडेला काही आलेलं नव्हतं.

"हाच द्या," चंपाबाई रंगाऱ्याला म्हणाल्या.

"आई, चेष्टा नको हां."

"चेष्टा कशाची? दार माझं झालं, रंग तिचा. सगळीकडून हाच मारा. बोळीकडूनबी."

सुकेशनी बघतच राहिली. "आत्या, यात काय वास्तू नाय ना?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा होता, पण महिन्याभरात पहिल्यांदाच ती हसली होती.

"नाय गं," चंपाबाई म्हणाल्या. "यात नाय."

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी गृहप्रवेश झाला. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, भिंतींना रंगाचा वास होता तोवरच पाहुण्यांनी घर भरून गेलं. सुकेशनीनं पहिली खीर नव्या ओट्यावर केली. गॅस मधोमध, वर कोरी भिंत. ती भिंत बघून बायका विचारायच्या, "इथं कपाट का नाय गं?" आणि सुकेशनी पळी बाहेरच्या खोलीकडं रोखायची. "आत्यांना इचारा."

विहाराचे अध्यक्ष आप्पासाहेब काठी टेकत सगळं घर बघून आले. तरुणपणी त्यांनी आणि चंपाबाईंनी मिळून किती दारांवरच्या लिंबू-मिरच्या काढल्या होत्या त्याला गणती नव्हती. ते मागच्या दारापाशी थांबले.

"हे दार कशाला?"

"विचारूच नका," प्रणय हसत म्हणाला. "आमची आई वास्तूवाली झालीय आता. पूर्वेला दार पाह्यजे म्हणे!"

चारदोन जण हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. चंपाबाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्यासमोर येऊन ते उभे राहिले.

"खरं का हे चंपाबाई?"

सुकेशनी खीर वाढत वाढत तिथवर आली होती. तिचा हात वाटीवर थांबला. उत्तर ऐकायला ती थांबलीय, हे चंपाबाईंनी बघितलं. तिच्या मागं, कोऱ्या भिंतीपाशी, निळ्या ज्योतीवर खीर रटरटत होती.

"खरंय," त्या म्हणाल्या. "वय झालं, आप्पासाहेब."

"वय मलाबी झालंय," आप्पासाहेब म्हणाले. मग खीर न घेताच पादत्राणं शोधायला बाहेर गेले.

चंपाबाईंनी वाटी संपवली. ती विसळून पालथी घातली, आणि कुणाला काही न सांगता पुढच्या दारानं बाहेर पडल्या. रस्ता ओलांडला. पलीकडं, जिथून मुकुंदवाडी स्टेशनकडं उतार लागतो, तिथं लिंबाच्या झाडापर्यंत त्या चालत गेल्या आणि मागं वळल्या.

दुपार कलली होती, आणि ऊन घराच्या पुढच्या बाजूवर पडलं होतं. घर गुलाबी दिसत होतं. जवळून दिसत होतं त्यापेक्षा जास्त, आणि सगळीकडून सारखं. काठ नाही, डाग नाही. पुढचं दार उघडं होतं, स्वयंपाकघराचं उघडं होतं, आणि त्याच्या सरळ रेषेत मागचंही. इथून घराच्या आरपार दिसत होतं. शेवटी बोळीतल्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता.

त्या चौकोनाच्या अलीकडं सुकेशनी गॅसपाशी उभी होती. खीर उतू गेली असावी. ती एकदम मागं सरकली, गॅस बंद केला, गरम पातेलं फडक्यानं धरलं आणि वळली.

चंपाबाईंच्या ओठांनी तिची पावलं मोजली. एक. दोन. तीन.

सुकेशनी बाहेर उन्हात होती. पातेलं बोळीतल्या कट्ट्यावर ठेवून, पोळलेली बोटं कानाच्या पाळीला लावून ती कुणाला तरी काहीतरी हसून सांगत होती.

स्टेशनात गाडी आली आणि गेली. आतून प्रणयच्या हाका येत होत्या, "आई! आई कुठं गेली?" चंपाबाई झाडाखालून हलल्या नाहीत. लांबून रंग बघायचा राहिला होता, तो त्या बघत राहिल्या.