कुंभारणीचा गिलावा

बेटावरचं हे घर लेकाने महिनाभर भाड्याने घेऊन दिलं. "बाबांना तेवढाच हवापालट," म्हणाला. हवा पालटली, माणूस काही पालटेना. आमचे हे जन्मभर गवंडी. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही जवळजवळ बंद झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं हलवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल. पण हे हलवतील तर शपथ!

मग मी आपली घरातल्या इतर मंडळींशी भांडत बसले. मोरीत बेडूक, आरशामागे पाल, खिडकीतून आत घुसलेली वेल. घरमालकीण हसून म्हणाली, "काकू, ते आधीपासून राहतात. तुम्ही पाहुण्या." घ्या!

त्यात दाराच्या किल्लीच्या भोकात कोणीतरी चिखल भरायला लागलं. मी काडीने कोरून काढला, दुपारी पुन्हा भरलेला! पाळत ठेवली, तर एवढीशी कुंभारीण माशी. गळक्या नळाखालच्या मातीची गोळी उचलायची, भोकाशी थापायची, परत पळायची. एवढं काय दडवते बया, म्हणून मी भोकाला डोळा लावला. आत हिरवी अळी! पिल्लाची शिदोरी ती. पण म्हणून आम्ही दाराला किल्ली लावायचीच नाही की काय? मी काडी उचलली.

"हात लावू नकोस. गिलावा ओला आहे तिचा."

हे बोलले! माझ्या हातून काडीच पडली. खुर्ची दाराकडे वळवून हे कधीपासून बघत होते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी माशी नुसतीच घिरट्या घालायला लागली. भोक अर्धं उघडं. सकाळीच मी नळ घट्ट आवळला होता, स्वच्छतेचा सोस ना मला! माती खडखडीत वाळली होती.

हे उठले. भिंत धरत नळापाशी गेले, फतकल मारून बसले. डाव्या हाताने मातीत पाणी शिंपडलं आणि उजवा उचलून त्यात ठेवला. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. मागोमाग दोन बोटं.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? माल सुकतोय! पाणी आण!"

कामावरचं यांचं ते खेकसणं मला जन्मात कधी आवडलं नाही. आज मात्र मी डोळे पुसत तांब्या घेऊन धावले.