द्राक्षांच्या पेटीतली खेमा

मी पेटी बोलतेय. द्राक्षांची पेटी. आंब्याच्या पातळ फळ्या आणि मूठभर खिळे, एवढंच माझं अंग. द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या आवारात निवृत्तीनं मला ठोकून उभं केलं. माझ्यासारख्या पेट्या भरून ट्रकमध्ये चढायच्या, कुठल्याशा लांबच्या बाजारात उतरायच्या आणि रिकाम्या झाल्या की कुणाच्या तरी चुलीत जायच्या. माझंही तेच व्हायचं होतं. साल त्र्याऐंशी. हंगाम तोंडावर आलेला आणि थंडी अशी, की खिळे हातात धरवत नव्हते.

त्या दिवशी निवृत्ती उशिरा आला. त्यानं पेट्यांचा ढीग उपसला, एकेकीवर तळवा फिरवून पाहिला आणि मला उचललं.

"शेठ, ही एक नेतो."

"कशाला रे?"

"पोरगी झालीय. लय लवकर झाली. तिला ठेवायला."

 शेठनी खांद्यावरची शाल काढून माझ्यात टाकली आणि आत निघून गेले.

पंचवटीतलं ते सूतिकागृह लहानसं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात तशी काचेची पेटी तिथं नव्हती. मोठ्या दवाखान्यातली होती, ती दुसऱ्या बाळांनी भरलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ऊब मिळाली तर पोर निभावेल. खोकं आणा, बल्ब लावू."

निवृत्तीनं व्हरांड्यात बसून मला काचपेपरनं घासलं. वर आलेले खिळे ठोकून बसवले. डब्याचा पत्रा कापून बल्बला टोपी केली, म्हणजे ऊब खाली येईल आणि उजेड डोळ्यांवर पडणार नाही. मग नर्स वत्सलाबाईंनी कापसाची गादी घातली आणि त्यावर एक इवलंसं गाठोडं ठेवलं. मला वाटलं, यात काही ठेवलंच नाही. द्राक्षांचे चार घड तिच्याहून जड असतात.

तिची आई चांगुणा शेजारच्याच खाटेवर होती, भिंतीकडे तोंड करून. आदल्या वर्षी तिला मुलगा झाला होता. तोही असाच अपुऱ्या दिवसांचा. तिनं त्याला मांडीवर घेतलं, नाक कुणासारखं, कपाळ कुणासारखं ते पाहिलं, आणि तो गेला.

"चांगुणा, बघ तरी एकदा," वत्सलाबाई म्हणाल्या.

"नको बाई. बघितलं की जीव गुंततो. मग तो सोडवता येत नाही."

ती दूध मात्र वाटीत काढून द्यायची, न चुकता. वाटी पुढं करायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. वत्सलाबाई ते बोंडल्यानं थेंब थेंब पाजायच्या.

आणि बाप? निवृत्ती सतत माझ्यापाशी. बल्ब जास्त तापला का, फट राहिली का, शाल नीट बसली का. माझी फळी न् फळी त्याला पाठ. पण लेकीला त्यानं एकदाही हात लावला नव्हता. वत्सलाबाई बाळ उचलायला लागल्या की तो चटकन बाजूला व्हायचा, बल्बच्या वायरीशी खुडबुड करत बसायचा. दोघं आईबाप हाताच्या अंतरावर, आणि पोर माझ्या एकटीच्या पदरात! मी लाकूड. मला ऊब धरून ठेवता येते, कुशीत घेता येत नाही.

मग एका दुपारी लाईट गेली.

डॉक्टरीणबाई आणि वत्सलाबाई आत बाळंतपणात अडकलेल्या. निवृत्ती माझ्यावर वाकला, काळ्या पडलेल्या बल्बला हात लावून पाहिला. "गरम पाण्याच्या बाटल्या भरून आणतो," म्हणाला आणि खालच्या हॉटेलाकडे पळाला. चांगुणा तशीच पडून होती.

माझ्या फळ्या गार पडू लागल्या. शाल होती, कापूस होता, पण त्यांच्यापाशी स्वतःची ऊब कुठून असणार? पोरीनं आवाज केला. रडणं नव्हे, मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकावं तसं काहीतरी. पुन्हा केला. मग तोही थांबला.

खाट करकरली. चांगुणा भिंतीला धरून उठली, माझ्यापाशी आली आणि डोळे मिटूनच तिनं आत हात घातला. तळहाताला लागले ते पाय.

"अगं माय! केवढी गारठलीय ही!"

तिचे डोळे उघडले. आता ती बघत होती. लालसर सुरकुतलेलं तोंड, पापण्यांना केस नाहीत, कानाची पाळी कागदासारखी. तिनं चोळीच्या गाठी सोडल्या, पोरीला उघड्या छातीवर आडवं घेतलं, वरून पदर, त्यावर शेठची शाल, त्यावर खाटेवरचं घोंगडं. आणि अंगाचं मुटकुळं करून ती खाली, मला टेकूनच बसली. तिच्या पाठीची थरथर माझ्या फळ्यांना कळत होती. हळूहळू ती थांबली.

निवृत्ती धापा टाकत आला. दोन्ही काखांत फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या. त्यानं माझ्यात पाहिलं. मी रिकामी.

एक बाटली त्याच्या काखेतून निसटली आणि फुटली. "पोर... पोर कुठंय? चांगुणा, कुणी नेलं?"

"हळू बोला हो," घोंगड्याच्या आतून आवाज आला. "झोपलीय ती."

तो तिथंच, सांडलेल्या पाण्यात, मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. चांगुणानं घोंगडं जरासं बाजूला केलं. "बघा. कपाळ तुमच्यावर गेलंय."

संध्याकाळी लाईट आली. माझा बल्ब पेटला, मी तापले, पण पोरीला कुणी माझ्यात ठेवेना. डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय चाचपले, चांगुणाकडे पाहिलं, म्हणाल्या, "छान उबदार आहे. राहू दे तिथंच."

पुढं ती दिवसाचा बराच वेळ आईच्या छातीवरच असायची. चांगुणाला अंघोळीला, जेवायला जायचं असलं तेवढीच माझ्याकडे. एकदा तर तेवढीही नाही. चांगुणा नवऱ्याला म्हणाली, "शर्ट काढा."

"मी? माझे हात बघ कसे झालेत, खिळ्यांनी. तिला टोचतील."

"हात कोण मागतंय? छाती द्या."

तो खाटेवर ताठ पडून राहिला, श्वास घ्यायचीही चोरी. पोरीनं त्याच्या छातीवर तोंड फिरवलं, काही मिळेना तेव्हा सुस्कारा सोडून झोपली. "चांगुणा," तो कुजबुजला, "ही माझ्यावर भरवसा ठेवून झोपली गं." माझ्या वायरीकडे तो त्यानंतर फिरकलाच नाही. मला वाईट वाटलं नाही म्हणणार नाही. थोडं वाटलं.

बुद्धविहारातल्या ताईंनी सुचवलेलं नाव चांगुणानं दवाखान्यातच ठेवलं. खेमा, म्हणजे सुखरूप. घरी निघताना ते मला विसरूनच गेले. असं विसरलं जाणं सगळ्यांच्या नशिबी येवो.

माझ्यात पुढं आणखी काही बाळं राहिली. काही घरी गेली, सगळी नाही गेली. नंतर इथं काचेची पेटी आली आणि मी कोठीत कापूस-बँडेज सांभाळायला लागले.

काल वत्सलाबाईंचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. चांगुणा, निवृत्ती आणि खेमा त्यांना भेटायला आले. वत्सलाबाईंनी मला बाहेर काढून दाखवलं. पोरगी आता पहिलीत जाते. दात पडलेले, वेण्या सुटलेल्या.

"मी यात मावायचे? एवढीशी?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत ती दोन्ही पायांनी माझ्यात उतरली आणि फतकल मारून बसली. कडाड! खालची फळी मोडली.

"अगं भवाने! ऊठ आधी!" चांगुणा ओरडली आणि मग तिलाच हसू आवरेना. निवृत्ती म्हणाला, "उद्या येऊन नवी फळी बसवून देतो."

निवृत्तीराव, तेवढं मात्र करू नका. चुलीत घाला, चालेल. कोठीत ठेवा, चालेल. पण ही फळी बदलू नका. इतकी बाळं मी अंगावर घेतली. त्यांचं वजन मला कधी कळलं नाही. काल पहिल्यांदा कळलं.